निकाल आधीं, खेळ मागाहून

ज्या शर्यतीचा निकाल आधींच कानीं आला आहे ती शर्यत पाहण्यांत कितीसा रस उरतो, हा प्रश्न टेलिव्हिजनच्या जन्मापासून त्याच्या पाठीस लागलेला आहे. नाटकाची गोष्ट निराळी. शकुंतलेला अखेर दुष्यंत भेटतो हें ठाऊक असूनहि रसिक पुनःपुन्हा नाट्यगृहाकडे वळतात. खेळाचें तसें नाहीं. खेळांतील घटना एकदांच घडते. तिचा शेवट काय होणार हें खेळणाऱ्यालाहि ठाऊक नसतें, आणि पाहणारा त्या अज्ञानांत खेळाडूचा भागीदार असतो. ही भागीदारी हाच खेळ पाहण्याचा खरा आनंद होय. घडून गेलेला खेळ कांहीं तासांनीं दाखवूं लागलें कीं ही भागीदारी मोडते, आणि ती मोडल्याचें कोणास कळूं नये म्हणून निकाल झाकून ठेवण्याची धडपड सुरू होते. ही धडपड कोणी केली, कां केली, आणि इंटरनेट घरोघरीं आल्यावर प्रेक्षकांनीं ती कशी निष्फळ केली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु लोकांना कोणती गोष्ट केव्हां कळावी हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या गंभीर प्रश्नाशींहि तो निगडित आहे.

१९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां टेलिव्हिजन हें बाल्यावस्थेंतील एक नवल होतें. घरोघरीं यंत्रें नव्हतीं. बर्लिन व पोट्सडॅम या शहरांत सुमारें पंचवीस सार्वजनिक दालनें उघडून तेथें लोकांना हीं चित्रें दाखविण्यांत आलीं. त्या वेळीं वापरलेल्या पद्धतींपैकीं एक मोठी विलक्षण होती. एका मोटारगाडीच्या छपरावर कॅमेरा बसविलेला असे. त्यांतील फिल्म खालीं गाडींतच उतरे, तेथल्या तेथें धुतली जाई, आणि ओली असतांनाच तिच्यावरील चित्राचें विद्युल्लहरींत रूपांतर करून तें पाठविलें जाई. या खटाटोपास एक-दीड मिनिट लागे. मैदानांत धावपटू शेवटची रेषा ओलांडून श्वास घेत उभा राही, तेव्हां दालनांतील प्रेक्षकांच्या दृष्टीनें तो अद्याप धावतच असे. म्हणजे टेलिव्हिजनवर दिसलेल्या पहिल्या ऑलिंपिकपासूनच चित्र हें घटनेच्या मागून धावत होतें.

याच सुमारास नभोवाणीनेंहि असाच एक प्रयोग केला. १९३४ व १९३८ या सालीं ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ इंग्लंडांत कसोटी सामने खेळावयास गेला, तेव्हां मायदेशांतील श्रोत्यांना खेळाचें वर्णन ऐकविण्यासाठीं एक युक्ति योजण्यांत आली. इंग्लंडांतून तारेनें त्रोटक शब्दांत मजकूर येई. कोणत्या चेंडूवर काय झालें, चेंडू कोणत्या दिशेस गेला, एवढेंच त्यांत असे. सिडनीच्या ध्वनिक्षेपणगृहांत बसलेले निवेदक त्या तारेवरून जणूं मैदानावर बसल्याप्रमाणें वर्णन करीत. चेंडू बॅटीला लागल्याचा आवाज लांकडाच्या पोकळ तुकड्यावर पेन्सिल आपटून काढीत, आणि टाळ्यांचा गजर ध्वनिमुद्रिकेवरून देत. हा सारा बनाव होता, पण तो उघड बनाव होता. वर्णन कोठून आणि कसें केलें जातें हें श्रोत्यांना ठाऊक होतें, आणि त्याहून लौकर बातमी आणणारें दुसरें साधन बहुतेकांपाशीं नव्हतें. म्हणून रात्र रात्र जागून लोकांनीं तें वर्णन आनंदानें ऐकलें. विलंब लोक सहन करतात, किंबहुना त्याचें कौतुकहि करतात. मात्र त्यांच्यापासून कांहीं लपविलें जात नाहीं अशी त्यांची खात्री असावी लागते. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या लहानशा गोष्टींत आहे.

विलंबित प्रक्षेपणाची खरी रीति अमेरिकेंत रूढ झाली, आणि तिचें मूळ खेळांत नसून सूर्याच्या गतींत होतें. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेल्स यांच्या घड्याळांत तीन तासांचें अंतर आहे. पूर्व किनाऱ्यावर जेवणाची वेळ झालेली असते, तेव्हां पश्चिम किनाऱ्यावर लोक अजून कचेरींत असतात. एकाच कार्यक्रमास दोन्हीकडे सायंकाळचा प्रेक्षक मिळावा कसा? १९५६ च्या एप्रिलमध्यें शिकागो येथें अँपेक्स कंपनीनें चित्र चुंबकीय फितीवर मुद्रित करणारें यंत्र लोकांपुढें मांडलें, आणि या प्रश्नाचें उत्तर मिळालें. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबर रोजीं सी. बी. एस. कंपनीनें न्यूयॉर्कहून प्रक्षेपित होणारें वार्तापत्र हॉलिवुड येथें फितीवर घेतलें आणि पश्चिमेकडील लोकांना तें तीन तासांनीं दाखविलें. विलंबाचा जन्म असा सोयीपोटीं झाला.

चार वर्षांनीं, १९६० सालीं, ही फीत अटलांटिक महासागर ओलांडूं लागली. रोम ऑलिंपिकचे अमेरिकेपुरते हक्क सी. बी. एस. नें ३,९४,००० डॉलर देऊन घेतले. युरोपांतील लोकांना हे सामने घडतां घडतां पाहावयास मिळाले. अमेरिकेशीं मात्र चित्र जोडणारी वाट त्या काळीं नव्हती. म्हणून रोमहून फिती जेट विमानानें न्यूयॉर्कला धाडीत. तेथें जिम मकेय हा निवेदक त्यांवरील दृश्यांना जोड देणारें निवेदन करी. रोमचें घड्याळ न्यूयॉर्कच्या पुढें असल्यामुळें दिवसा झालेल्या शर्यतीचीं चित्रें कित्येकदां त्याच रात्रीं अमेरिकन घरांत दिसत. वर्तमानपत्रांनीं व रेडिओनें निकाल आधींच सांगितलेला असे. तरीहि लोकांनीं तक्रार केली नाहीं. विमानापेक्षां वेगानें चित्र येणें शक्य नाहीं हें सर्वांस दिसत होतें.

१९६४ सालीं टोकियो ऑलिंपिकच्या वेळीं ही स्थिति पालटली. सिन्कॉम-३ या उपग्रहानें उद्घाटनाचें चित्र पॅसिफिक महासागरावरून अमेरिकेंत पोंचविलें. पृथ्वीच्या कोणत्याहि भागांतील खेळ दुसऱ्या कोणत्याहि भागांत तत्काळ दाखवितां येईल, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. हें सामर्थ्य प्रत्यहीं वापरतां येण्याइतकें स्वस्त होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. पण तत्त्वतः विलंब हा यंत्राचा दोष उरला नाहीं. हळूहळू तो मालकाचा निर्णय झाला.

मालकाचा हा निर्णय केवळ लहरीचा नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे. हक्कांची किंमत झपाट्यानें वाढत होती. रोमच्या वेळीं जी रक्कम चार लाख डॉलरहि नव्हती, ती सिडनीच्या वेळीं एन. बी. सी. कंपनीस ७० कोटि ५० लक्ष डॉलर द्यावी लागली, बीजिंगच्या वेळीं ८९ कोटि ४० लक्ष, आणि लंडनच्या वेळीं ११८ कोटि. हा पैसा जाहिरातदारांकडून वसूल व्हावयाचा, आणि जाहिरातदारास हवी असते सायंकाळ. सारें कुटुंब एकत्र बसून पडदा पाहत असेल ती घटका. पहाटे पांचास किंवा भर दुपारीं दाखविलेल्या शर्यतीस तो प्रेक्षक मिळत नाहीं. म्हणून शर्यत राखून ठेवावयाची, तिच्याभोंवतीं खेळाडूच्या बालपणाची, आईबापांच्या कष्टांची कथा गुंफावयाची, आणि रात्रीं ती सजवून वाढावयाची, असा हा व्यवहार होता. जे दिवसभर कामावर असत त्यांची यांत सोयहि होती. प्रश्न उरे तो एवढाच, कीं मधल्या तासांत बातमीला थोपवून कसें धरावें.

१९८० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील लेक प्लॅसिड येथें हिवाळी ऑलिंपिक भरलें असतां हा प्रश्न मोठ्या नाट्यमय रीतीनें पुढें आला. २२ तारखेस, शुक्रवारीं, अमेरिकेच्या महाविद्यालयीन तरुणांचा बर्फावरील हॉकीचा संघ सोव्हिएत रशियाच्या जगज्जेत्या संघाशीं खेळावयाचा होता. सामन्याची वेळ सायंकाळीं पांचची. ए. बी. सी. कंपनीनें तो आठ वाजतां ठेवावा अशी खटपट केली. पण तसें केल्यास मॉस्कोंत पहाटेचे चार वाजत, म्हणून रशियनांनीं नकार दिला. सामना पांच वाजतां झाला, अमेरिकेनें तो ४–३ असा जिंकला, आणि ए. बी. सी. नें तो रात्रीं आठनंतर फितीवरून दाखविला. फीत दाखवीत असल्याचें कंपनीनें सांगितलें होतें. तरीहि आपण चालू सामना पाहत आहों असेंच असंख्य प्रेक्षकांस वाटलें, आणि पुष्कळांची ती समजूत पुढें आयुष्यभर टिकली. मात्र कॅनडांतील सी. टी. व्ही. कंपनीनें तोच सामना पांच वाजतां थेट दाखविला होता. सरहद्दीजवळ राहणाऱ्या ज्या अमेरिकनांच्या यंत्रावर कॅनडाचें केंद्र दिसे, त्यांनीं आपल्याच देशाचा विजय परदेशी वाहिनीवर, देशबांधवांच्या तीन तास आधीं पाहिला. आपल्या घरचें दार बंद दिसलें कीं प्रेक्षक शेजाऱ्याच्या खिडकींतून डोकावतो. इंटरनेटच्या काळांत जें सर्वत्र घडावयाचें होतें, त्याचें हें पूर्वचिन्ह होतें.

त्याच वर्षीं १६ मे रोजीं फिलाडेल्फिया येथें बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा निर्णायक ठरलेला सामना झाला. त्यांत मॅजिक जॉन्सन या वीस वर्षांच्या खेळाडूनें ४२ गुण मिळवून लॉस एंजेल्सच्या संघास विजय मिळवून दिला. हा खेळ त्या क्रीडेच्या इतिहासांत अजरामर झाला आहे. पण देशांतील बहुतेक भागांत सी. बी. एस. नें तो रात्रीं साडेअकरानंतर फितीवरून दाखविला. सायंकाळची वेळ तिला इतर कार्यक्रमांसाठीं अधिक मोलाची वाटली होती.

इंग्लंडांत याच व्यवहाराला सभ्य लोकाचाराचें रूप आलें. २२ ऑगस्ट १९६४ रोजीं बी. बी. सी. नें लिव्हरपूल व आर्सेनल यांच्या फुटबॉल सामन्यांतील निवडक भाग त्याच दिवशीं सायंकाळीं दाखवून एका नव्या साप्ताहिक कार्यक्रमाची सुरुवात केली. दुपारचा खेळ सायंकाळीं किंवा रात्रीं पाहण्याची चाल तेथें पडली. आणि तिच्यासोबत आणखी एक चाल पडली. बातम्या सांगणारा निवेदक निकाल देण्यापूर्वीं प्रेक्षकांना बजावी, कीं ज्यांना निकाल जाणून घ्यावयाचा नसेल त्यांनीं क्षणभर दुसरीकडे पाहावें. १९७३ सालीं बी. बी. सी. च्या एका विनोदी मालिकेचा एक संपूर्ण भागच या विषयावर रचलेला होता: इंग्लंडच्या सामन्याचा निकाल रात्रींपर्यंत कानीं पडूं नये म्हणून दोन मित्र दिवसभर शहरांत लपतछपत हिंडतात. ज्या समाजांत सर्वांनीं मिळून निकाल राखावयाचा असें ठरतें, तेथें विलंब हा एक प्रकारचा खेळच होतो. जाणूनबुजून अज्ञानांत राहण्याचें स्वातंत्र्य प्रेक्षकाचें असतें.

अमेरिकेंत मात्र हळूहळू हें स्वातंत्र्य प्रेक्षकाच्या हातून निसटलें. १९९६ सालीं अटलांटा ऑलिंपिकमध्यें केरी स्ट्रग या मुलीनें दुखावलेल्या पायानें शेवटची उडी मारली, आणि अमेरिकन मुलींच्या संघास जिम्नॅस्टिक्समधील पहिलें सांघिक सुवर्णपदक मिळालें. हा प्रसंग अमेरिकेच्याच भूमीवर घडला, तरीहि एन. बी. सी. नें तो कित्येक तास राखून ठेवून रात्रीं दाखविला, आणि तोहि जणूं त्याच क्षणीं घडत आहे अशा थाटानें. या पद्धतीस त्या कंपनीच्या परिभाषेंत 'थेट भासेल असें' या अर्थाचें नांवच होतें. सिडनीच्या पेन्सिलीचा टकटकाट आणि हा भास यांत फरक आहे तो एवढाच, कीं पहिल्या बनावांत श्रोता सामील होता, दुसऱ्यांत प्रेक्षक गाफील होता.

या गाफीलपणाचा शेवट करणारें साधन तोंपर्यंत जन्मास आलें होतें, आणि त्याचा एक प्रारंभ क्रिकेटच्या ओढीनें झाला. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत संशोधन करणाऱ्या सायमन किंग या इंग्रज गृहस्थानें 'क्रिकइन्फो'चा पाया घातला. अमेरिकेंत क्रिकेट कोणी दाखवीत नसे, वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेखहि क्वचितच असे. भारत, पाकिस्तान, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथून गेलेले विद्यार्थी या खेळासाठीं तळमळत. त्यांतल्या कोणाला दूर कोठें तरी सामना दिसत किंवा ऐकूं येत असे. तो प्रत्येक चेंडूची हकीकत संगणकावर टंकित करी, आणि इतर ठिकाणचे शेंकडों क्रिकेटवेडे ती अक्षरें आपल्या पडद्यावर उमटतांना पाहत. चित्र नाहीं, आवाज नाहीं, नुसतीं अक्षरें आणि आंकडे. तरीहि लोक त्यांना खिळून बसत, कारण त्या अक्षरांत एक गोष्ट होती जी उत्तमोत्तम चित्रफितींत नसते: पुढचा चेंडू अद्याप पडावयाचा होता.

सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्यें या दोन शक्तींची पहिली मोठी टक्कर झाली. सिडनीचें घड्याळ न्यूयॉर्कच्या पंधरा तास पुढें होतें. एन. बी. सी. नें जवळजवळ सारे सामने फितीवरून सायंकाळीं दाखविण्याचें ठरविलें. २५ सप्टेंबर रोजीं कॅथी फ्रीमन हिनें ४०० मीटरची शर्यत जिंकली, तेव्हां न्यूयॉर्कमध्यें पहाटेचे पांच वाजून गेले होते. सकाळीं कचेरींत संगणक उघडणाऱ्यास तो निकाल सहज कळे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें हक्कांच्या रक्षणार्थ सामन्यांचीं चलच्चित्रें इंटरनेटवर येऊं दिलीं नाहींत. परंतु चित्र अडवितां आलें तरी बातमी अडवितां येईना. त्या वर्षीं एन. बी. सी. च्या सायंकाळच्या प्रक्षेपणास १९६८ नंतरचा सर्वांत अल्प प्रेक्षकवर्ग लाभला. सामने सप्टेंबरांत, शाळा सुरू झाल्यावर भरले, हेंहि त्याचें एक कारण सांगतात. तरी शिळेपणाचा दोष कोणासहि नाकारतां आला नाहीं.

भारतांत हा प्रश्न निराळ्या वेषांत आला. २००७ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजचा संघ भारतांत आला असतां त्या सामन्यांचे हक्क एका खाजगी कंपनीकडे होते, आणि दूरदर्शनला थेट चित्र देण्यास ती राजी नव्हती. मालिकेंतील पहिला सामना २१ जानेवारीस नागपूर येथें झाला. ज्यांच्या घरीं केबलची जोडणी होती त्यांनीं तो पाहिला. साध्या अँटेनावर दूरदर्शन पाहणाऱ्या घरांस तें सुख लाभलें नाहीं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयांत गेलें, आणि दूरदर्शननें सामने सात मिनिटें उशिरानें दाखवावेत अशी तडजोड निघाली. सात मिनिटें म्हणजे जवळजवळ दोन षटकें. केबल असलेल्या घरांतून बाद झाल्याचा गलका उठावा, आणि शेजारच्या घरांतील पडद्यावर तोच फलंदाज आणखी सात मिनिटें सुखरूप खेळत राहावा, अशी ही व्यवस्था होती. येथें विलंबानें श्रीमंत व गरीब यांच्यांत वेळेची एक भिंत उभी केली. सरकारनें लगोलग फेब्रुवारीच्या आरंभीं वटहुकूम काढला, आणि त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचें थेट चित्र प्रसार भारतीस देणें बंधनकारक केलें. अमेरिकेंत जो झगडा प्रेक्षक आणि बाजार यांच्यांत झाला, तो येथें कायद्यानें मिटवावा लागला.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें एन. बी. सी. नें पूर्वींच्या अनुभवावरून एक धडा घेतला. पोहण्याच्या अंतिम शर्यती बीजिंगमध्यें सकाळीं ठेवण्यांत आल्या, जेणेंकरून त्या न्यूयॉर्कमध्यें आदल्या रात्रीं थेट दिसाव्यात. मायकेल फेल्प्सनें मिळविलेलीं आठ सुवर्णपदकें अशा रीतीनें अमेरिकन सायंकाळींत बसविण्यांत आलीं. शिवाय कंपनीनें इंटरनेटवरून सुमारें २,२०० तासांचें थेट प्रक्षेपणहि केलें. पण ८ ऑगस्टचा उद्घाटन समारंभ मात्र तिनें मुठींत ठेवला. तो न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणें सकाळीं आठ वाजतां सुरू झाला, एन. बी. सी. नें तो सुमारें बारा तासांनीं दाखविला. मधल्या वेळांत अमेरिकन प्रेक्षकांनीं संगणकावर परदेशी वाहिन्यांचीं चित्रें शोधून काढलीं, आणि कोणी ना कोणी तुकडे तुकडे इंटरनेटवर चढवीत राहिलें. कंपनीच्या लोकांनीं एक तुकडा काढावयास लावावा, तों दुसरा दुसऱ्या ठिकाणीं दिसावा, असा तो दिवसभर चाललेला लपंडाव होता. लेक प्लॅसिडच्या वेळीं शेजाऱ्याची खिडकी सरहद्दीवरच्या थोड्या लोकांनाच दिसत होती. आतां ती सर्वांच्या घरांत उघडली होती.

दोन वर्षांनीं व्हँकूवर येथें हिवाळी ऑलिंपिक झालें, तेव्हां या रीतींतील विसंगति अगदीं उघडी पडली. व्हँकूवर आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा यांचें घड्याळ एकच. सिॲटल शहर तेथून सव्वादोनशें किलोमीटरवर. तरीहि न्यूयॉर्कला जें थेट दिसे तें सिॲटलला तीन तासांनीं दिसे. कारण पश्चिमेकडील सायंकाळ पश्चिमेकडील जाहिरातदारास विकलेली होती. अंतरामुळें विलंब होतो ही सबब यापुढें कोणीहि मानणें शक्य नव्हतें.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें हा वाद टोकास पोंचला. एन. बी. सी. नें या वेळीं प्रत्येक स्पर्धा इंटरनेटवर थेट दाखविली. मात्र ती केबलचें वर्गणीदार असणाऱ्यांसच मोकळी होती, आणि महत्त्वाच्या शर्यती टेलिव्हिजनवर रात्रींसाठीं राखून ठेवल्या होत्या. उसेन बोल्टची १०० मीटरची अंतिम शर्यत न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणें दुपारीं पांचच्या आंतच झाली, पण टेलिव्हिजनवर ती आली रात्रीं. उद्घाटन समारंभ तर इंटरनेटवरहि थेट दाखविला नाहीं. इंग्लंडांत बी. बी. सी. एकाच वेळीं चोवीस थेट प्रवाह चालवीत होती. तेव्हां अनेक अमेरिकनांनीं आपला संगणक इंग्लंडांतच आहे असा भास निर्माण करणाऱ्या वाटांनीं ते प्रवाह मिळविले. त्या काळीं ट्विटर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर एन. बी. सी. विरुद्ध टीकेचा पाऊस पडला. कंपनीवर सतत टीका करणाऱ्या एका ब्रिटिश वार्ताहराचें खातें बंद करण्यांत आलें, आणि त्याच्या तक्रारपात्र मजकुराकडे कंपनीचें लक्ष आपल्याच माणसांनीं वेधलें होतें हें उघड होतांच ट्विटरला क्षमा मागावी लागली. त्यांतच मिसी फ्रँकलिन या जलतरणपटूची शर्यत दाखविण्यापूर्वींच तिच्या सुवर्णपदकाचें चित्र एन. बी. सी. नें स्वतःच्या सकाळच्या कार्यक्रमाच्या जाहिरातींत दाखवून टाकलें. रहस्याच्या रखवालदारानेंच रहस्य फोडलें.

आणि तरीहि या कथेस एक अनपेक्षित वळण आहे. इतका गदारोळ होऊनहि लंडन ऑलिंपिकचें सायंकाळचें प्रक्षेपण सरासरी ३ कोटि ११ लक्ष अमेरिकनांनीं पाहिलें. अमेरिकेबाहेर भरलेल्या उन्हाळी ऑलिंपिकांत १९७६ नंतर एवढा प्रेक्षकवर्ग लाभला नव्हता. तोटा होईल अशी जी भीति होती तीहि खरी ठरली नाहीं. एन. बी. सी. नें यावरून आपलें धोरण बरोबर असल्याचा निष्कर्ष काढला. पण त्याच आंकड्यांतून उलट निष्कर्षहि निघत होता, आणि तोच पुढें खरा ठरला. दुपारीं संगणकावर किंवा मोबाईलवर निकाल कळलेले लोक रात्रीं पुन्हा यंत्रापुढें बसले होते. म्हणजे निकाल कळल्यानें सायंकाळ ओस पडते ही धास्तीच निराधार होती! ज्या भीतीपोटीं इतकीं वर्षें शर्यती कुलुपांत ठेवल्या, ती भीति प्रेक्षकांनींच खोटी ठरविली. त्यांचा राग उशिरा दाखविण्यावर तितकासा नव्हता. आधीं पाहूं न देण्यावर होता.

ही गोष्ट कंपनीच्या गळीं उतरण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. २०१६ सालीं रिओ येथील उद्घाटन समारंभ, दोन शहरांत अवघ्या एका तासाचें अंतर असतांना, एन. बी. सी. नें न्यूयॉर्कलाहि तासभर उशिरा दाखविला. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकपासून मात्र सायंकाळचें मुख्य प्रक्षेपण पूर्वपश्चिम साऱ्या अमेरिकेंत एकाच वेळीं दाखविण्यास प्रारंभ झाला, आणि सहा दशकांची तीन तासांची ती भिंत कोसळली. साथीमुळें लांबून २०२१ सालीं झालेल्या टोकियो ऑलिंपिकचा उद्घाटन समारंभ एन. बी. सी. नें सकाळीं थेट दाखविला आणि रात्रीं पुन्हा दाखविला. २०२४ सालीं पॅरिसच्या वेळीं प्रत्येक स्पर्धा घडतां घडतां पाहण्याची मुभा होती, आणि रात्रीं त्याच स्पर्धांची रचून सजविलेली कथाहि होती. दुपारचें व रात्रीचें मिळून सरासरी ३ कोटि ६ लक्ष प्रेक्षक या व्यवस्थेस लाभले. ताजें अन्न व मुरलेलें लोणचें एकाच ताटांत वाढतां येतात, एकासाठीं दुसरें दडवून ठेवावें लागत नाहीं, हें समजण्यास साठ वर्षें लागलीं.

विलंब मात्र जगांतून नाहींसा झालेला नाहीं. इंटरनेटवरून येणारें तथाकथित थेट चित्र अनेक टप्प्यांतून येतें. तें लहान लहान तुकड्यांत कापलें जातें, सांठविलें जातें आणि मग पुढें धाडलें जातें. यांत कांहीं सेकंदांपासून अर्ध्या-पाऊण मिनिटांपर्यंत वेळ जातो. म्हणून आजहि एखाद्या इमारतींत साध्या टेलिव्हिजनवर सामना पाहणारे लोक आधीं ओरडतात, आणि मोबाईलवर पाहणाऱ्याच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. बर्लिनच्या त्या मोटारगाडींतील ओली फिल्म आणि आजचा हा प्रवाह यांच्या वेगांत, पाहिलें तर, फार मोठें अंतर पडलेलें नाहीं. पण या अर्ध्या मिनिटाविषयीं लोकांची तक्रार हंसण्यावारीं जाते, मोर्चे निघत नाहींत. कारण तो विलंब यंत्राचा आहे, कोणी कोणापासून कांहीं राखून ठेवल्याचा नाहीं.

सिडनीच्या ध्वनिक्षेपणगृहांत पेन्सिल आपटणाऱ्या निवेदकांवर त्यांच्या श्रोत्यांनीं प्रेम केलें. त्यांच्याहून शतपट साधनें हातीं असलेल्या कंपनीवर तिच्याच प्रेक्षकांनीं रोष धरला. पहिल्यांनीं आपल्याजवळ होतें तें सारें, हातीं येईल त्या क्षणीं, दिलें होतें. दुसरीनें हातीं असलेलें दिवसभर आंवरून धरलें होतें. खेळाचें चित्र विकत घेतां येतें, सायंकाळ विकत घेतां येते. ज्या क्षणीं धावपटू रेषा ओलांडतो तो क्षण मात्र कोणाच्याहि मालकीचा होत नाहीं. तो कोठून तरी, कोणत्या तरी खिडकींतून, ज्याला हवा आहे त्याच्यापर्यंत पोंचतोच.